इपॉक्सी लेपापूर्वी काँक्रीटच्या जमिनीची तयारी : कडा आणि सांधे

इपॉक्सी लेप दिलेली, दोन-तीन वर्षे वापरलेली जमीन पाहण्याची संधी मिळाली तर आधी मधला भाग पाहू नका. भिंतीलगतची हातभर पट्टी, दाराचा उंबरठा, खांबांच्या भोवतीची जागा आणि जमिनीवर उभ्या-आडव्या गेलेल्या सांध्यांच्या रेषा पाहा. सोललेला, फुगलेला किंवा तडकलेला लेप बहुधा तिथेच सापडतो. मधली जमीन त्याच डब्यातल्या मालाने, त्याच हातांनी, त्याच आठवड्यात झालेली असते आणि ती मात्र ठणठणीत असते. म्हणून अशा वेळी मालाला दोष देण्याआधी लेपाखाली काय होते ते विचारावे लागते.

या पाठात तोच प्रश्न घेऊ. काँक्रीटचे आकुंचन, उष्णतेने होणारे प्रसरण आणि कर्तन ताण या कल्पना तुम्हाला माहीत आहेत असे धरले आहे. दोन जागा डोळ्यांसमोर ठेवायच्या आहेत. पहिली, भिवंडी किंवा चाकणच्या पट्ट्यात असते तसे नव्या काँक्रीटचे गोदाम. दुसरी, कोलकात्याच्या फोर्ट विल्यमच्या पिढीतली विटा-चुन्याच्या जाड भिंतींची इमारत, जिच्या तळमजल्यावर पुढे कधीतरी काँक्रीटची जमीन घातली गेली. दोन्हीकडे कडा आणि सांधे हेच दुबळे भाग आहेत, पण त्यांची कारणे वेगळी आहेत आणि म्हणून उपायही वेगळे आहेत.

आधी मोजमाप

समजा २० मीटर लांब आणि १० मीटर रुंद दालन आहे. क्षेत्रफळ २०० चौरस मीटर. परिमिती ६० मीटर. जमीन घासण्याचे मोठे यंत्र भिंतीला टेकेपर्यंत जाऊ शकत नाही. त्याची घासणारी चकती आवरणाच्या आत असते, त्यामुळे भिंतीलगत साधारण ५ ते १० सेंमीची पट्टी अस्पर्श राहते. १० सेंमी धरली तर ती ६ चौरस मीटर होते, म्हणजे एकूण क्षेत्राच्या ३ टक्के.

आता सांधे. १५० मिमी जाडीच्या स्लॅबला दर ४ मीटरवर आडवे आणि साधारण ३.३ मीटरवर उभे काप दिले असतील, तर १० मीटरचे ४ आडवे आणि २० मीटरचे २ उभे मिळून ८० मीटर लांबीचे सांधे होतात. कडा आणि सांधे मिळून १४० रनिंग मीटर.

हे गणित मुद्दाम आधी केले, कारण बहुतेक निविदांमध्ये इपॉक्सीचा दर चौरस मीटरवर असतो. त्या हिशेबात ३ टक्के क्षेत्र नगण्य दिसते आणि सांध्यांना तर क्षेत्रच नसते. प्रत्यक्षात १४० मीटर हाताने करायचे, वेळ खाणारे काम कुठेच मोजले जात नाही. ज्या कामाला पैसे नाहीत ते साइटवर होत नाही, किंवा संध्याकाळी उरलेल्या वेळात उरकले जाते. कडा आणि सांधे यांची तयारी रनिंग मीटरवर वेगळी बाब म्हणून निविदेत लिहिणे ही माझ्या मते या कामातली सर्वांत स्वस्त सुधारणा आहे.

कडेलाच लेप का सुटतो

इपॉक्सी काँक्रीटवर बसते ती दोन गोष्टींच्या जोरावर : पृष्ठभागाच्या बारीक खडबडीत खाचांमध्ये रेझिन शिरून घट्ट होते, आणि त्या खाचांखालचे काँक्रीट स्वतः मजबूत असते. काँक्रीट ओतून घोटताना पाणी वर येते आणि त्याबरोबर बारीक सिमेंट व धूळ येऊन वर एक ठिसूळ थर बसतो. दुधावर साय यावी तसा. याला लेटन्स म्हणतात. त्यावर कितीही उत्तम इपॉक्सी लावली तरी ती सायीला चिकटलेली असते, दुधाला नाही. सोललेल्या लेपाचा तुकडा उलटा करून पाहिला आणि त्याच्या पाठीला करड्या पुडीचा सलग थर दिसला, तर निदान झालेच.

भिंतीलगतचे काँक्रीट मधल्यापेक्षा मुळातच हलके असते. तिथे यंत्राचा घोटणारा पंखा पोहोचत नाही, म्हणून कारागीर हाताने थापीने घोटतो, पाणी साचलेले दिसले की वरून कोरडे सिमेंट भुरभुरतो आणि पुन्हा घोटतो. त्यातून साय आणखी जाड होते. पुढे गिलावा करताना त्याच पट्टीवर मसाला पडतो, रंगकाम करताना लांबी आणि रंगाचे थेंब पडतात. पाणी मारण्यासाठी घातलेल्या आळ्यांचे बांधही तिथेच टेकलेले असतात आणि ते खरवडून काढले तरी त्यांचा पातळ पापुद्रा मागे राहतो.

हे झाले खालच्या थराचे. वरच्या लेपाच्या बाजूनेही कड ही अडचणीची जागा आहे. इपॉक्सी घट्ट होताना थोडी आकसते. शिवाय भरणी न घातलेल्या इपॉक्सीचा उष्णताप्रसरण गुणांक काँक्रीटच्या सुमारे पाच-सहा पट असतो, म्हणजे रात्री गार झाली की ती काँक्रीटपेक्षा जास्त आकसू पाहते आणि काँक्रीट तिला आकसू देत नाही. परिणामी लेपात कायम काही ताण असतो. लेपाच्या मधल्या भागात डावीकडची ओढ आणि उजवीकडची ओढ एकमेकींना तोलून धरतात, म्हणून जोडावर फारसा भार येत नाही. पण जिथे लेप संपतो तिथे तोलून धरणारे पुढे कोणी नसते. ती सगळी ओढ शेवटच्या काही मिलिमीटरमध्ये कर्तन ताणाच्या रूपाने काँक्रीटवर उतरते आणि त्याबरोबर लेपाची कड वर उचलणारा ताणही निर्माण होतो. लेप जितका जाड, तितकी ही ओढ जास्त.

थोडक्यात, ज्या ठिकाणी जोडावर सर्वाधिक भार येतो नेमके तिथेच काँक्रीट सर्वांत दुबळे आणि तयारी सर्वांत कमी. सांध्याची कड हीसुद्धा लेपाची कडच, हे पुढे लक्षात ठेवायचे आहे.

कडेची तयारी

मोठ्या यंत्राने सोडलेली पट्टी १२५ मिमीच्या हाताच्या ग्राइंडरला डायमंड कप लावून घासतात. कपाभोवती आवरण आणि त्याला व्हॅक्यूमची नळी हवी. कोरड्या काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते. ती वर्षानुवर्षे फुप्फुसात गेली तर सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. कडेचे काम गुडघ्यावर बसून, तोंड धुळीजवळ ठेवून करावे लागते, म्हणून धोका इथेच जास्त. नुसता रुमाल बांधणे हे संरक्षण नव्हे.

हाताच्या ग्राइंडरची एक खोड आहे. तो किंचित कलला की चंद्रकोरीसारखे खड्डे पाडतो आणि पातळ लेपातून ते चकाकीत उठून दिसतात. म्हणून आधी कड घासावी आणि नंतर मोठे यंत्र तिच्यावर थोडे चढवून दोन्हींचा पोत एकजीव करावा. कोपऱ्याच्या शेवटच्या दोन-तीन सेंमीत गोल कपही पोहोचत नाही. तिथे छिन्नी-हातोडा किंवा छोट्या चकतीचे यंत्र वापरतात.

आम्लाने धुण्याचा सोपा मार्ग काही जण सुचवतात. सलग मोकळ्या जागेत त्याचा काही उपयोग असेलही, पण कडा आणि सांधे यांना तो मुळीच लावू नये. आम्ल आणि त्याने तयार झालेले क्षार भिंतीच्या फटीत व सांध्यात उतरतात, तिथून ते धुऊन निघत नाहीत, आणि जे पाणी आपण बाहेर ठेवायचा प्रयत्न करतो तेच आपण सांध्यात ओततो.

पुरेसे घासले गेले हे कसे कळणार? हात फिरवला की बारीक पॉलिशकागदासारखे खरखरीत लागले पाहिजे, पाण्याचे थेंब टाकले की ते मण्यांसारखे न राहता शोषले गेले पाहिजेत, आणि व्हॅक्यूमनंतर चिकटपट्टी दाबून ओढली तर तिला पूड लागता कामा नये. मोठ्या कामात खेचून पाहण्याची चाचणी करतात : धातूची गोल चकती चिकटवून ती उपकरणाने सरळ वर ओढायची. साधारण १.५ न्यूटन प्रति चौरस मिमी हे किमान बळ अनेक तपशिलांत मागितले जाते, आणि तुटणे काँक्रीटच्या आत व्हावे, जोडावर नव्हे. ही चाचणी लोक दालनाच्या मधोमध करतात. ती भिंतीपासून १० सेंमीवर करायला सांगा, मग खरे उत्तर मिळेल.

लेप जिथे उघड्यावर संपतो, उदाहरणार्थ दाराशी किंवा रॅम्पच्या टोकाशी, तिथे तो निमुळता करत शून्यावर आणू नये. शून्य जाडीची कड पहिल्या चाकाखाली किंवा पहिल्या झाडूने सुटते. त्याऐवजी काँक्रीटमध्ये कटरने सरळ खाच मारतात आणि लेप त्या खाचेत उतरवून संपवतात. खाचेची रुंदी व खोली लेपाच्या जाडीच्या सुमारे दुप्पट, म्हणजे ३ मिमी जाडीच्या थराला साधारण ६ मिमी. वर पाहिलेली शेवटची ओढ आता चिकटपणावर एकट्यावर न पडता खाचेच्या भिंतीवर येते.

भिंत आणि जमीन यांच्या कोनात औषध किंवा अन्नपदार्थांच्या कारखान्यात गोलाई करतात, तिला आपल्याकडे गवंडी वाटा किंवा गोला म्हणतात. भारतात औषधनिर्मितीच्या नियमांतील शेड्यूल एम हे जमिनी व भिंती गुळगुळीत, बिनभेगांच्या आणि सहज साफ होणाऱ्या असाव्यात असे सांगते. गोव्यातल्या वेर्ण्यासारख्या औद्योगिक वसाहतींतील औषध कारखान्यांत हा वाटा म्हणूनच दिसतो. तो वाळू मिसळलेल्या इपॉक्सीच्या घट्ट मसाल्याने करतात. पण करण्यापूर्वी एक प्रश्न विचारायचा : जमीन आणि भिंत एकमेकींपासून मोकळ्या आहेत का? असतील, तर दोघींना चिकटलेला कडक वाटा पहिल्याच हिवाळ्यात लांबच्या लांब तडकेल. अशा वेळी वाटा फक्त जमिनीला धरून करतात आणि त्याच्या वरच्या कडेला भिंतीशी लवचीक सीलंट भरतात.

सांधा हलतो की नाही

काँक्रीटच्या जमिनीतला सांधा हा दोष नसतो. काँक्रीट आकसणार आणि तडकणार हे ठरलेले असते; सांधा देऊन आपण ते कुठे तडकावे एवढेच ठरवतो. आकुंचन सांधा म्हणजे स्लॅबच्या जाडीच्या सुमारे पाव खोलीचा काप, ज्याच्या तळापासून खाली नैसर्गिक तडा जातो. बांधकाम सांधा म्हणजे काल जिथे ओतकाम थांबले ती जागा. विलग सांधा भिंत, खांब, यंत्राचा पाया यांच्याभोवती असतो आणि पूर्ण खोलीपर्यंत दबणाऱ्या पट्टीने भरलेला असतो. प्रसरण सांधा इमारतीच्या सांगाड्यापासून खालपर्यंत जातो. शेवटच्या दोन प्रकारांवर कडक लेप कधीही आडवा नेऊ नये, यात वाद नाही. वाद पहिल्या दोन प्रकारांवर होतो, कारण ग्राहकाला जमीन आरशासारखी सलग हवी असते.

आकडे घालून पाहू. पॅनेल ४ मीटर, काँक्रीटचा प्रसरण गुणांक अंशाला १० × १०⁻⁶, आणि पत्र्याच्या छताच्या गोदामात जमिनीच्या तापमानातला वर्षभरातला फरक २० अंश सेल्सियस धरला, तर सांध्याची हालचाल

४००० मिमी × ०.००००१ × २० = ०.८ मिमी.

काप ४ मिमी रुंद आहे आणि त्यावरून सलग लेप गेला आहे. ४ मिमीच्या मोकळ्या पुलाला ०.८ मिमी लांब व्हायचे आहे, म्हणजे २० टक्के. कडक इपॉक्सी तुटण्यापूर्वी जेमतेम काही टक्के ताणली जाते. ३ टक्के धरले तर ०.८ मिमी सामावण्यासाठी सुमारे २७ मिमी लांबीचा मोकळा पूल लागेल. तो कुठून येणार? लेप तुटतो, किंवा सांध्याच्या दोन्ही बाजूंनी काँक्रीटपासून सुटत जाऊन स्वतःला तेवढी मोकळी लांबी मिळवतो. साइटवर सांध्याच्या दोन्ही अंगांना बोट-बोटभर रुंद पोकळ पट्टी दिसते आणि काही दिवसांनी पॅलेट ट्रकच्या चाकाखाली ती फुटते, त्याचे हे गणित आहे.

इथे अजून आकुंचन धरलेच नाही. कोरडे होताना काँक्रीटचे मुक्त आकुंचन साधारण ५०० × १०⁻⁶ धरले तर ४ मीटरला २ मिमी होतात. जमिनीच्या घर्षणामुळे सगळे सांध्यात उघड होत नाही, पण पहिल्या काही महिन्यांत सांधे रुंदावत जातात हे नक्की. म्हणून स्लॅबला २८ दिवस झाले की लेप द्यायला हरकत नाही हा प्रचलित नियम काँक्रीटच्या ताकदीपुरता ठीक आहे. सांध्यांसाठी तेवढे थांबणे कमीच. जितके उशिरा भराल तितके चांगले.

आणखी एक हालचाल उभी असते. स्लॅब वरून लवकर वाळतो, खालून उशिरा, त्यामुळे पॅनेलच्या कडा ताटलीच्या काठासारख्या किंचित वर वळतात. सांध्यापाशी खाली पोकळी राहते, चाक गेले की कड दबते आणि परत येते. सांध्यावर पाय ठेवून शेजारून भरलेली हातगाडी नेली तर ही हालचाल तळपायाला जाणवते. अशी कड लेपाने धरून ठेवता येत नाही. आधी खालची पोकळी ग्राउटने भरावी लागते.

सांध्याची तयारी

पहिले काम, लेपापूर्वी सगळ्या सांध्यांच्या रेषा भिंतीवर खुणा करून ठेवणे. क्षुल्लक वाटते, पण लेप दिल्यावर सांधा नेमका कुठे होता हे शोधायला दुसरा मार्ग उरत नाही, आणि खालच्या सांध्यापासून १५ मिमी बाजूला मारलेला काप म्हणजे नवा तडा पाडण्याचे निमंत्रण.

मग सांधा रिकामा करायचा. जुने डांबर, तुटके सीलंट, वाळू, मेणचट माती सगळे कटरची पाते पुन्हा फिरवून काढावे, म्हणजे दोन्ही भिंतींना ताजे काँक्रीट मिळते. त्यानंतर व्हॅक्यूम. फुंकणी किंवा हवेच्या दाबाने धूळ उडवली तर ती शेजारच्या घासलेल्या पृष्ठभागावर बसते, शिवाय कॉम्प्रेसरच्या हवेत तेल असू शकते.

सांध्याच्या वरच्या कडा तुटलेल्या असतील तर तुटक्या भागात तसाच मसाला थापू नये. तुटक्या जागेच्या बाहेर सरळ रेषेत, जमिनीला काटकोनात काप मारून आतले सुटे काँक्रीट काढावे. चौकोनी कडांचा खड्डा मिळाला की प्रायमर लावून इपॉक्सी मसाल्याने भरावा, घट्ट झाल्यावर घासून सपाट करावा आणि मूळ रेषेवर सांधा पुन्हा कापावा. निमुळत्या कडेची डागडुजी चाकाखाली टिकत नाही. कारण वरचेच, शून्य जाडीची कड.

भरण कोणते, हे वापरावर ठरते. पॅलेट ट्रकची चाके लहान आणि कडक असतात, ती मऊ सीलंटमध्ये बुडतात आणि सांध्याच्या उघड्या कडेवर आदळतात. अशा गोदामात अर्धकठीण भरण कापाच्या पूर्ण खोलीपर्यंत भरतात, म्हणजे ते कडांना बाजूने आधार देते. मात्र ते फार ताणले जात नाही. सांधा आणखी उघडला तर एका बाजूने बारीक फट पडेल आणि ती पुन्हा भरावी लागेल, हे ग्राहकाला आधीच सांगावे. जिथे चाके नाहीत पण हालचाल आहे तिथे लवचीक सीलंट. त्याची क्षमता २५ टक्के असेल तर ०.८ मिमी हालचालीला किमान ०.८ ÷ ०.२५ = ३.२ मिमी रुंदी हवी. ४ मिमीचा काप म्हणजे हातात फारसे काही शिल्लक नाही, म्हणून असा सांधा ६ ते ८ मिमीपर्यंत रुंद करून घेणे शहाणपणाचे. सीलंटची खोली रुंदीच्या साधारण निम्मी ठेवतात आणि तळाशी फोमची गोल दोरी, म्हणजे बॅकर रॉड दाबतात. त्यामुळे सीलंट फक्त दोन बाजूंना चिकटते. तळालाही चिकटले तर ते मोकळेपणी ताणू शकत नाही आणि मधूनच फाटते.

लेप देण्याच्या दोन पद्धती आहेत. एक, सांध्यात तात्पुरते मऊ भरण घालून सलग लेप द्यायचा, घट्ट झाल्यावर भिंतीवरच्या खुणांमध्ये दोरी मारून तीच रेष कापायची आणि मग सीलंट. दुसरी, सांध्याच्या दोन्ही बाजूंना पट्टी लावून लेप कडेपर्यंत आणून थांबवायचा. पहिलीत रेषा सरळ आणि नीट येते, दुसरीत लेपाला करवतीचा धक्का बसत नाही. मला पहिली आवडते, पण कापणारा हात सरावाचा हवा.

जो तडा हलत नाही, म्हणजे जुना आणि ऋतुमानाने न बदलणारा, तो इंग्रजी व्ही आकारात उघडून कडक इपॉक्सीने भरून टाकता येतो. हलतो की नाही ओळखायला तड्यावर काचेची पातळ पट्टी किंवा प्लास्टरचा छोटा ठिपका आडवा लावून काही आठवडे वाट पाहतात. काम घाईचे असते, त्यामुळे हे कोणी करत नाही. निदान सकाळी आणि दुपारी रुंदी मोजून पाहावी.

काचपट्टीचा कोबा

जुन्या सरकारी इमारतींत, शाळा-दवाखान्यांत कोब्याची जमीन चौकटी-चौकटींनी आणि मध्ये उभ्या काचपट्ट्या घालून केलेली आढळते. या पट्ट्या म्हणजेच सांधे. काच गुळगुळीत आणि न शोषणारी, तिच्यावर इपॉक्सी धरत नाही. शिवाय दोन चौकटी तिच्या दोन्ही बाजूंना स्वतंत्रपणे आकसलेल्या असतात. म्हणून काचपट्टीच्या रेषेवर कटर चालवून ती काही मिमी खाली उतरवावी आणि वरच्या खाचेला इतर सांध्यांसारखेच वागवावे. कोबा हा खालच्या काँक्रीटवर नंतर घातलेला पातळ थर असतो आणि चौकटीच्या कोपऱ्यांत तो बहुधा सुटलेला असतो. लोखंडी गजाने ठोकत गेले की पोकळ आवाज येतो. पोकळ कोपरा काढूनच टाकावा. इपॉक्सी त्याला घट्ट धरेल, पण तो स्वतः कशालाच धरलेला नाही.

आता कोलकाता

फोर्ट विल्यम हे नाव मराठी वाचकाला ऐकून माहीत असते ते तिथल्या कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या विल्यम केरीमुळे. त्याचे मराठी व्याकरण १८०५ साली निघाले. किल्ला त्याच्या आधीचा. प्लासीच्या लढाईनंतर बांधायला घेतलेला हा अनियमित अष्टकोनी किल्ला १७८१ साली पुरा झाला. हुगळीच्या काठी, मैदानाच्या पश्चिमेला, आज तो लष्कराच्या पूर्व कमांडचे मुख्यालय आहे आणि २०२५ च्या सुरुवातीला त्याचे नवे नाव प्रसिद्ध झाले : विजयदुर्ग, आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या सागरी किल्ल्यावरून.

पोर्टलँड सिमेंटचे पेटंट १८२४ चे. म्हणजे त्या पिढीच्या कोणत्याही इमारतीत सिमेंट काँक्रीटची जमीन दिसली तर ती नंतर घातलेली असणार, आणि तिची कड चुन्यात बांधलेल्या विटांच्या भिंतीला जाऊन टेकलेली असणार. खाली नदीची गाळाची जमीन, पाण्याची पातळी उथळ, आणि इमारत बांधली गेली तेव्हा ओल अडवणारा थर घालण्याची पद्धत नव्हती. समजा अशा इमारतीतल्या तळमजल्याच्या भांडारात इपॉक्सी करायचे ठरले.

पहिला अडसर हवेचा. ऑगस्टात खोलीतली हवा ३० अंश, सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू सुमारे २७.२ अंश येतो. जाड भिंतींच्या आत, मातीला टेकलेली जमीन २८ अंशांवर असेल. फरक ०.८ अंश. नियम असा की पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश गरम हवा, नाहीतर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा पदर तयार होतो आणि प्रायमर त्यावर बसतो. भिंतीलगतची जमीन मधल्यापेक्षा गार असते, म्हणून तापमापक कडेला लावायचा. तीच खोली जानेवारीत : हवा २५ अंश, आर्द्रता ६० टक्के, दवबिंदू सुमारे १६.७, जमीन २१. फरक ४.३ अंश, काम करता येईल. कोकणातही पावसाळ्यात हेच गणित लागते.

दुसरा अडसर जमिनीतल्या ओलीचा. साधारण ४५ सेंमी चौरस प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटवून किमान १६ तास ठेवायचा आणि खाली पाणी जमले किंवा काँक्रीट काळवंडले का पाहायचे, ही सोपी चाचणी. ती ओल दाखवते, ओल नाही हे सिद्ध करत नाही. अधिक खात्रीसाठी स्लॅबच्या जाडीच्या ४० टक्के खोलीवर छिद्रात आर्द्रतामापक बसवतात. सांध्याच्या अगदी शेजारी एक वाचन जरूर घ्यावे, कारण कापाखालचा तडा ही ओलीची सरळ वाट असते.

ओल आहे असे निघाले तर हल्ली ओल अडवणारे इपॉक्सी प्रायमर सुचवले जातात. नव्या गोदामात त्यांचा उपयोग होतो. जुन्या चुन्याच्या इमारतीत मात्र खरा प्रश्न तिथूनच सुरू होतो. आजवर खालची ओल जमिनीतून हळूहळू वर येऊन हवेत जात होती. भिंतीपासून भिंतीपर्यंत तिचा रस्ता बंद केला की ती नाहीशी होत नाही; सरकून कडेला जाते आणि केशाकर्षणाने विटांच्या भिंतीत चढते. पाण्याबरोबर क्षार चढतात, ते गिलाव्याच्या मागे स्फटिक होतात आणि भिंतीला लोणा लागतो. दोन पावसाळ्यांनंतर जमीन चकाकत असते आणि भिंतीचा खालचा भाग पापुद्र्यांनी झडत असतो. जमिनीच्या ठेकेदाराचे काम तेव्हा संपलेले असते, त्यामुळे दोष भिंतीच्या रंगाला दिला जातो.

इपॉक्सीचा वाटा तर अशा भिंतीवर चढवूच नये. चुन्याचा गिलावा मऊ असतो. इपॉक्सी आकसताना त्याला आपल्याबरोबर उचकटून आणते. कारखान्यातला आदर्श तपशील इथे नुकसान करतो.

मग करायचे काय? मी अशा जागी आधी विचारेन की इपॉक्सी हवीच कशाला. धूळ नको एवढेच कारण असेल तर काँक्रीटमध्ये मुरून पृष्ठभाग घट्ट करणारे सिलिकेटचे द्रावण पुरते आणि जमिनीचा श्वास बंद होत नाही. वापर खरोखर तसा असेल, रसायने किंवा तेल सांडणार असेल, तर लेप भिंतीपासून थोडे अंतर सोडून खाचेत संपवावा, मधली पट्टी चुन्याच्या किंवा वाफ जाऊ देणाऱ्या मसाल्याची ठेवावी, आणि बाहेरच्या बाजूने पावसाचे पाणी भिंतीपासून दूर नेण्याची व्यवस्था आधी करावी. किती पट्टी सोडली तर पुरे, हे भिंतीची जाडी आणि ओलीची वाचने पाहून ठरते. आपल्याकडे इपॉक्सीच्या जमिनीसाठी आयएस ४६३१ ही संहिता आहे, पण जुन्या चुन्याच्या भिंतीशी गाठ पडली की फक्त जमिनीची संहिता हातात धरून चालत नाही. भिंत पाहणारा माणूस बरोबर हवा.

स्वाध्याय

१. १८ मीटर × १२ मीटर दालनात ६ मीटरवर आडवे आणि ४ मीटरवर उभे सांधे आहेत. भिंतीलगत ८ सेंमी पट्टी हाताने घासायची आहे. कडा व सांधे यांची एकूण रनिंग मीटर लांबी आणि हाताने घासायचे क्षेत्र काढा. त्यावरून निविदेतली बाब शब्दांत लिहा.

२. शीतगृहात ६ मीटरचे पॅनेल असून तापमान ३० अंशांवरून २ अंशांवर येणार आहे. सांध्याची हालचाल काढा आणि २५ टक्के क्षमतेच्या सीलंटसाठी किमान रुंदी सांगा. सीलंट तापमान उतरण्यापूर्वी भरावे की नंतर, ते कारणासह लिहा.

३. तुमच्या महाविद्यालयातली कार्यशाळा किंवा प्रयोगशाळा यांची जमीन पाहा. सांधे कोणत्या प्रकारचे आहेत ते ओळखा, गजाने ठोकून पोकळ जागा खडूने आखा आणि त्यांतल्या किती सांध्यांपासून अर्ध्या मीटरच्या आत येतात ते मोजा.